डाव्या डोळ्यापुढचं शटर

९ जून

भोपू,

फोनवर तुझं-माझं बोलणं म्हणजे दोन बहिऱ्यांची मुलाखत. तू डोंगरावरच्या ऑफिसात एका पायावर उभा राहून ओरडणार, मी इकडे "काय? काय?" करणार. म्हणून आजपासून पत्र. हसू नकोस. कागद कसा, वाट बघतो. फोन लगेच उत्तर मागतो.

शाळा सोमवारी उघडली. वेळापत्रक यंदाही मीच केलं, सव्विसावं. बावीस वर्ग, चौतीस शिक्षक, एकच प्रयोगशाळा, आणि संगीताच्या बाई, ज्यांना फक्त मंगळवार आणि गुरुवार जमतं. तुला ठाऊक आहे, मी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडून ते करते आणि तेवढे दहा दिवस तुझे भाऊजी मांडीवर ताट घेऊन जेवतात. यंदा तेवीस दिवस लागले. चिठ्ठ्या फार बारीक कापल्या गेल्या होत्या, दुसरं काही नाही.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या तासाला आठवी अ आणि नववी क एकदमच प्रयोगशाळेच्या दारात. ऐंशी मुलं, एक दार, आणि दोन शिक्षक एकमेकांना "तुम्ही आधी" म्हणतायत. मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं. मी सांगितलं, क्लार्कने नक्कल करताना घोळ घातला असणार. त्याला मेमो मिळाला. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपण हे संगणकावरच करू या, तुमच्याही डोक्याचा ताप वाचेल." उपमुख्याध्यापिकेच्या डोक्याला ताप नसेल तर तिला पगार कशाचा देतात?

आमच्या जिन्याला रंग लागतोय. घरमालकाने हिरवा काढलाय. पायऱ्या चढताना डबक्यात उतरल्यासारखं वाटतं.

परवा भांडी घासताना डाव्या डोळ्यापुढे वरून शटर पडावं तसं काळं आलं. भाऊजींच्या सायकलच्या दुकानाचं पडतं ना, तसंच, पण आवाज नाही. दोन-तीन मिनिटांत वर गेलं. चष्मेवाल्याकडे जाऊन आले. नंबर तोच आहे, काचेवर ओरखडे आहेत म्हणाला. नवी काच टाकली, विषय संपला.

तुझा बोगदा कुठवर आला? जेवणखाण नीट करतोस ना? आणि हो, सांगायचं राहिलं, आमच्या जिन्याला रंग लागतोय. निळा. घरमालकाला कुणी सुचवला कोण जाणे.

ताई


२० जून

ताई,

पत्र गुरुवारच्या ट्रकने आलं. टपाल, बटाटे आणि डिझेल एकाच ट्रकने येतं, त्यामुळे तुझ्या अक्षराला तिन्हींचा वास होता.

बोगदा दोन्ही बाजूंनी पोखरत आणलाय. दोन तोंडं मधोमध एकमेकांना भेटावीत एवढंच माझं काम. पाच-सहा सेंटिमीटर चुकलं तर चालतं, हातभर चुकलं तर माझी नोकरी डोंगराच्या पोटात. त्यामुळे दिवसभर दुर्बिणीला डोळा आणि संध्याकाळी पुन्हा तेच आकडे. झोपेतसुद्धा कोन मोजतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जाम हसलो. जिन्याच्या रंगाची बातमी एकाच पत्रात दोनदा दिलीस, आणि दुसऱ्यांदा तो हिरव्याचा निळा झाला! काय गं म्हातारे, आईवर गेलीस की काय?

खरं सांगू? मला वाटतं संगणकाचं नाव काढल्यापासून तुझं बिनसलंय. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, आणि तुझी जागा एक यंत्र घेणार, हे तुला सोसत नाहीये. सुट्टी टाक. भाऊजींना सांग, दुकानाला कुलूप लावा आणि आठ दिवस कुठेतरी चला. तेवीस दिवस चिठ्ठ्या मांडल्यावर कुणाचंही डोकं आंबेल.

तो क्लार्क म्हणजे तोच ना, जो पेन्सिलीची टोकंसुद्धा मोजून देतो? त्याने चूक केली? जग बुडायला आलं म्हणायचं.

तुझा
भोपू


४ जुलै

भोपू,

जिना हिरवाच आहे. मी जाऊन बघितला.

तू गमतीत लिहिलंस हे मला कळतं. पण आईच्या शेवटच्या चार वर्षांत तू किती दिवस घरी होतास? एकोणीस. मी मोजलेत. पाणी तापत ठेवून ती विसरायची, ते मीच निस्तरलं. चप्पल फ्रीजमध्ये ठेवायची, ती मीच काढली. एका सकाळी तिचे केस विंचरत होते, तर माझा हात धरून अगदी अदबीने म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" हे तुला तेव्हा लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. तेव्हा यावर विनोद नकोत.

क्लार्कचं म्हणशील तर मी मूळ कागद बघितलेला नाही. बघायची गरज नाही.

सुट्टी मिळणार नाही. काम आहे. हल्ली सगळ्यालाच जास्त वेळ लागतो, कारण कुणी काही सरळ सांगतच नाही. शिक्षकांच्या खोलीत चारजण एकदम बोलतात आणि मग म्हणतात, ठरलं ना? काय ठरलं?

शटर आणखी दोनदा पडलं. चष्मेवाला काच फुकट बदलून देणार आहे.

ताई


१३ जुलै

ताई,

मी मूर्ख आहे. यापुढे पत्राच्या सुरुवातीला हे वाक्य छापूनच घेतो.

एकोणीस हा आकडा मी गेले चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण आज त्याबद्दल लिहीत नाही, कारण त्याहून घाईचं एक काम करून आलोय आणि त्यावरून तू मला फाडून खाणार आहेस.

पाठ धरली होती म्हणून छावणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. पंचविशीतली मुलगी, दिवसभर खरचटलेले गुडघे बांधत असते. मलम घेता घेता सहज तुझ्या शटरची गोष्ट सांगितली, चष्मेवाल्याची गंमत म्हणून. तिने हातातलं मलम खाली ठेवलं.

"वरून खाली पडतं? एकाच डोळ्यापुढे?"

"हो. डाव्या."

"दुखतं?"

"तसं काही लिहिलं नाही."

"किती वेळा झालं?"

"तीनदा."

"आणि त्या चष्मेवाल्याकडे जातायत?" असं म्हणून ती उभीच राहिली. "अहो, हे बहुतेक डोळ्याचं नाहीच. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून कण सुटून डोळ्याकडे जात असतील. आज डोळ्याकडे गेला, उद्या मेंदूकडे जाईल. बहिणीला सांगा, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. उद्या नाही, आज."

मग मी तिला बाकीचंही सांगितलं. तेवीस दिवस, चारजणांचं बोलणं, आणि जिनासुद्धा. ती म्हणाली, मेंदूला रक्त कमी पोचत असेल तर माणूस मंदावतो. एकापाठोपाठ एक करायची कामं त्याला जड जातात. घरचे म्हणतात वय झालं, आणि तो स्वतः म्हणतो कामच वाढलंय.

मी तसाच ट्रकच्या ड्रायव्हरला पकडून डोंगरावर गेलो आणि फोन लावला. तू उचलला नाहीस. शाळेत असशील. मग दुकानात लावला. भाऊजींना सगळं सांगितलं. शटरबद्दल त्यांना काहीही माहीत नव्हतं. एक महिना, ताई! ज्या माणसाबरोबर तीस वर्षं राहतेस त्याला तू एक अक्षर बोलली नाहीस?

चीड माझ्यावर. पण जा.

भोपू


३० जुलै

भोपू,

हे पत्र तीन दिवस लिहितेय. मध्येच उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते. भाऊजी म्हणतात, खिडकीला काहीतरी एकच सांग, तिला कळेनासं झालंय.

तुझ्यावर चिडले होते. अजून आहे. तुझा फोन आला त्या संध्याकाळी ते लवकर घरी आले, हात काळे तसेच. म्हणाले, "चल." मी म्हटलं, "कुठेही जाणार नाही." तेही चिडले. नऊ दिवस आम्ही "चहा झाला" आणि "दार लाव" याच्यापलीकडे बोललो नाही.

मी का गेले नाही ते तुला सांगते, त्यांना सांगता आलं नाही. माझी खात्री झाली होती की मला आईचंच झालंय. दवाखान्यात गेलं की ते नाव घेतील. आणि एकदा नाव घेतलं की मग मी जे काही बोलेन ते त्या नावाचं होईल, माझं राहणार नाही. चोवीस तास धडपड चालली होती, शाळेत कुणाला कळू नये म्हणून. मुलांची नावं तळहातावर लिहून नेत होते. फळ्यावर करायची गणितं घरी दोनदा सोडवून जात होते. मी, जिने कधी उत्तराचं पुस्तक उघडलं नाही.

बावीस तारखेला दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा लोंबत होता. मी मुलांना म्हणाले, "शांत बसा." म्हणजे मला तसं म्हणायचं होतं. तोंडातून काय आलं कोण जाणे, पुढच्या बाकावरची मुलं आधी हसली आणि मग एकदम गप्प झाली. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. दहा मिनिटांत हात परत आला, बोलणंही आलं. तोवर कुणीतरी दुकानात फोन केला होता. ते सायकलवरून आले आणि मला टॅक्सीत घालून घेऊन गेले. या वेळी मी काही बोलले नाही.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी आधी नुसता स्टेथोस्कोप मानेला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, इथे सूंऽ असा आवाज येतोय. मग मानेची सोनोग्राफी. डावीकडची रक्तवाहिनी ऐंशी टक्के बुजलीय, आतून चरबीचा थर बसून. उजवीकडची निम्मी. डोळ्यापुढचं शटर त्या डावीमुळेच, हाताचंही तिच्यामुळेच. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो, म्हणून उजवा हात. आणि पाच वर्षं मी रक्तदाबाची गोळी आठवेल तेव्हा घेत होते, तेही त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

त्यानंतर एका मुलीने माझी परीक्षा घेतली. भोपू, मी एकतीस वर्षं परीक्षा घेतेय. एक मिनिटात 'क'ने सुरू होणारे जितके येतील तितके शब्द सांगा म्हणाली. कमळ, कागद, काम, कावळा... आणि मग भिंत. सगळे मिळून सात, त्यात कागद दोनदा. मग एका कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं, ती आलटून पालटून रेघेने जोडायची. एक, मग अ, मग दोन, मग ब. हेच तर मी दरवर्षी टेबलावर करते, नाही का? चार मिनिटं लागली आणि तीनदा चुकले. तिच्यासमोर रडले नाही. बाहेर येऊन पाणी पिण्याच्या नळापाशी रडले.

डॉक्टरांना मी थेट विचारलं, "माझ्या आईचं झालंय का मला?" ते म्हणाले, "तुम्हाला पाच शब्द सांगितले होते. दहा मिनिटांनी दोनच आठवले. पण जरासं सुचवल्यावर पाचही आले. म्हणजे शब्द आत आहेत, बाहेर यायला त्यांना वेळ लागतोय. रक्त कमी पोचल्याने असं होऊ शकतं. यातलं किती बुजलेल्या वाहिनीमुळे, किती रक्तदाबामुळे आणि किती आणखी कशामुळे, ते मला आज सांगता येणार नाही." ऑपरेशन करायला हवं म्हणाले, तेही लगेच. मान उघडून वाहिनी साफ करतात. मी विचारलं, मग माझं डोकं पूर्वीसारखं चालेल? तर म्हणाले, "ऑपरेशन पक्षाघात टाळण्यासाठी आहे. डोकं सुधारलं तर आनंदच आहे, पण तसं वचन देऊन मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही." शंभरातल्या दोन-तीन जणांना ऑपरेशनमध्येच झटका येतो, हेही सांगितलं. गोड बोलले असते तर मी पळून आले असते. त्यांचं खरं बोलणं मला आधाराचं वाटलं. दोन ऑगस्टची तारीख आहे.

आता राहिलेलं. मेमोनंतर दुसऱ्याच दिवशी मी क्लार्कच्या कपाटातून वेळापत्रकाचा मूळ कागद काढून बघितला होता. तुला "बघितलेला नाही" लिहिलं ते खोटं. आठवी अ, नववी क, तिसरा तास, प्रयोगशाळा. दोन्ही माझ्या अक्षरात, एकाखाली एक. कागद परत ठेवला, कपाट लावलं आणि वर्गावर गेले. तो माणूस बावीस वर्षं त्या टेबलावर बसलाय, त्याला कधी कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्याला माझ्यामुळे मेमो मिळाला आणि मी सात आठवडे रोज त्याच्यासमोरून सही करून जात राहिले. मेंदूला रक्त कमी पडत होतं हे खरं. पण हे काही त्यामुळे झालं नाही. हे मी केलं.

ताई


५ ऑगस्ट

प्रिय मेहुणे,

मला पत्र लिहिता येत नाही. मी आयुष्यात फक्त पावत्या लिहिल्या. पण तुझ्या बहिणीने हुकूम सोडलाय, त्यामुळे लिहितोय. ऑपरेशन झालं. बरी आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

दोन तारखेला सकाळी दवाखान्यात निघालो तर हिने टॅक्सी शाळेपाशी थांबवायला लावली. मी म्हटलं, "वेळ काय, तू करतेस काय?" तर म्हणे, "पाच मिनिटं. तुम्ही दारात उभे राहा." मी उभा राहिलो.

क्लार्क टेबलावर होता. ही बसली नाही. म्हणाली, "तो घोळ माझा होता. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला मेमो मिळाला आणि मी गप्प बसले."

तो पेन खाली ठेवून म्हणाला, "मला माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचं अक्षर मी ओळखत नाही होय? त्या कागदाची एक प्रत माझ्या खणात आहे."

"मग दाखवली का नाहीत?"

"बघत होतो, तुम्ही येताय की नाही." मग म्हणाला, "माझ्या घरी मी सांगितलं होतं, बाई येतील. रोज संध्याकाळी बायको विचारायची, आल्या का? तिने विचारणं सोडून दिलं."

हिने मोठ्या बाईंच्या नावाने लिहिलेलं पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. सगळं कबूल केलेलं, सहीसकट. म्हणाली, "मला माफ करा म्हणत नाही, हे फक्त पोचवा." त्याने ते वाचलं, घडी घातली. म्हणाला, "ऑपरेशन करून या. मग बोलू." हात जोडणं नाही, "असू द्या" नाही. मला त्याचा राग आला होता. टॅक्सीत मी तसं बोललो तर ही म्हणाली, "तो बरोबर वागला." आणि दवाखाना येईपर्यंत माझा हात धरून बसली. नऊ दिवसांच्या अबोल्याची उरलेली अढी तिथे गेली, तेव्हा त्या क्लार्कचे मी उपकारच मानतो.

ऑपरेशन हिला जागं ठेवून केलं. मान बधिर केली, बाकी शुद्धीत. नळी साफ करताना त्या बाजूचं रक्त थोडा वेळ अडवतात, तेव्हा मेंदू चालतोय ना हे बघायला बोलतं ठेवतात. उजव्या हातात एक रबरी बदक दिलं होतं. दाबलं की चूं वाजतं. ते वाजायचं थांबलं तर डॉक्टरांना कळतं, काहीतरी बिघडलं. आणि हिला म्हणाले, काहीतरी म्हणत राहा. तर हिने सतराचा पाढा सुरू केला! सतरा आठेपर्यंत बरोबर गेली. सतरा नव्वेला अडली. नर्स सांगत होती, सगळी खोली थांबली, सगळ्यांचं लक्ष त्या बदकाकडे. बदक चूं चूं करतंय पण ही गप्प. आणि मग म्हणाली, "त्रेपन्नाशे. एकशे त्रेपन्न. घाई करू नका कुणी." डॉक्टर म्हणाले, आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका.

मी बाहेर अडीच तास बाकावर होतो. मला काही सुचत नव्हतं म्हणून समोरच्या चाकाच्या खुर्चीचं चाक वाजत होतं ते घट्ट केलं. पाना खिशात असतोच.

आवाज घोगरा झालाय, डाव्या कानाची पाळी बधिर आहे. होईल ठीक म्हणतात. काल नर्सला रागावली, की वेळेच्या तक्त्यात गोळी चुकीच्या रकान्यात लिहिलीय. नर्सने बघितलं, तर खरंच चुकीच्या रकान्यात होती. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन दोन कप चहा प्यायलो.

तुझ्यावर ती अजून चिडलेली आहे. मी नाही. तू फोन केला नसतास तर बावीस तारखेला हिला काय झालंय ते मला कळलंच नसतं. मी तिला घरी नेऊन झोपवलं असतं.

तुझे भाऊजी


९ ऑगस्ट

ताई,

तुझं तीस तारखेचं आणि भाऊजींचं, दोन्ही पत्रं एकाच ट्रकने आली. मी आधी भाऊजींचं उघडलं आणि त्यातलं "ऑपरेशन झालं" वाचून बटाट्याच्या पोत्यावर बसलो.

एकोणीसचं उत्तर आता देतो. मला सुट्टी मिळत होती. दरवेळी मिळत होती. मी यायचो नाही, कारण आई मला ओळखेनाशी झालीय हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं नव्हतं. तू लिहायचीस "बरी आहे" आणि मी ते खरं मानायचो, कारण मला तेच सोयीचं होतं. तू लपवलंस, मी लपवू दिलं.

वरिष्ठांना सांगितलंय, डोंगर कुठे पळून जात नाही. सोमवारी निघतोय. हे पत्र बहुधा माझ्यामागून पोचेल, तेव्हा दार तूच उघडशील आणि हे मी तुला तोंडाने सांगितलेलं असेल. नसेल सांगितलं, तर हे वाच आणि मला स्वयंपाकघरात बोलावून विचार.

भोपू


२ फेब्रुवारी

भोपू,

तू येऊन गेल्याला पाच महिने होऊन गेले आणि मी एकही धड पत्र लिहिलं नाही. फोनवर बोलतो हे खरं, पण तू फोनवर फक्त "गोळी घेतलीस?" एवढंच विचारतोस. घेतली. रोज घेते, भाऊजींसमोर घेते, नाहीतर ते हातातला पाना खाली ठेवत नाहीत.

काल सहा महिन्यांची तपासणी झाली. डावी वाहिनी मोकळी आहे. उजवीकडची तेवढीच निम्मी, तिच्यावर लक्ष ठेवायचं. त्याच मुलीने पुन्हा परीक्षा घेतली. 'क'चे शब्द तेरा. आकडे-अक्षरांच्या रेघेला अडीच मिनिटं, चूक एक. माझ्या वयाच्या बाईला दीड मिनिट पुरतं म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं, हे ऑपरेशनमुळे की गोळ्यांमुळे की मागच्या वेळी एकदा केलेलं होतं म्हणून? ते हसले. म्हणाले, "तिन्हीतलं थोडं थोडं असेल, वाटणी करून देता येत नाही." आईच्या आजाराची खूण आज दिसत नाही. दरवर्षी बघत राहू म्हणाले. मी "आज" हा शब्द ऐकला आणि तो घेऊन घरी आले. काही दिवस तो पुरतो. काही दिवस नाही पुरत. मग मी उठून घरभर फिरते आणि भाऊजी काही विचारत नाहीत.

शाळेचं सांगते. मेमो मागे घेतला, लेखी, सगळे सह्या करतात त्या नोंदवहीत. क्लार्क माझ्याशी कामापुरतं बोलतो. नोव्हेंबरात एकदा म्हणाला, "बाई, तुमचा आवाज सुधारला." तेवढंच. त्याहून जास्त मागायचा मला हक्क नाही.

मोठ्या बाई म्हणत होत्या, पद नावाला तुमच्याकडे राहू द्या, काम दुसरे करतील. मी नाही म्हटलं. दिवाळखोराने पाटी कशाला लावायची? उपमुख्याध्यापकपद सोडलं, दहावीही सोडली. आता सातवीचे दोन वर्ग घेते. पहिले काही दिवस लाज वाटत होती. जिन्यात दहावीची मुलं भेटली की मी भिंतीकडे बघायची.

हे बघ, उगाच गोड करून सांगत नाही. जुना वेग उद्या सकाळी परत मिळत असेल तर मी आज रात्रीच रांगेत उभी राहीन. चौघं एकदम बोलायला लागले की अजून मला एकाचंही कळत नाही. आता मी हात वर करते आणि म्हणते, "एकेक जण." शिक्षकांच्या खोलीत आधी ते विचित्र वाटायचं. आता सगळेच एकेक बोलतात आणि मीटिंग लवकर संपते.

आणि एक झालं, ते तुला सांगायचं म्हणूनच हे पत्र.

परवा सातवीत ऋण संख्यांचा गुणाकार होता. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. एकतीस वर्षं मी हे एका वाक्यात सांगून पुढे गेलेय. सांगितलं, फळ्यावर दोन उदाहरणं केली आणि सवयीने म्हणाले, "कळलं?" सगळे "होऽऽ" म्हणाले. तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे, मी हा वर्ग घेतल्यापासून तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. तिने हात वर केला.

"बाई, नाही कळलं. पुन्हा सांगाल?"

वर्ग हसला. भोपू, मला आठवून बघावं लागलं, की असं मला यापूर्वी कुणी कधी विचारलं होतं. कुणी नाही. माझ्या वेगापुढे कुणाची छातीच झाली नव्हती. मी तिला विचारलं, "आजच कसं विचारलंस गं?"

ती म्हणाली, "तुम्हीपण थांबता ना मध्ये मध्ये. म्हणून."

मी पुन्हा सांगितलं. हळू, कारण मला आता हळूच येतं. तिने मान हलवली, नाही. मग मी खडू ठेवला आणि तिच्या बाकाशी जाऊन बसले. आम्ही दोघींनी मिळून कागदावर ऋण दोनला तीनने, दोनने, एकने, शून्याने गुणत एकेक पायरी खाली उतरत नेलं, आणि दर पायरीला उत्तर कुठे सरकतंय ते नुसतं बघत राहिलो: ऋण सहा, ऋण चार, ऋण दोन, शून्य. शून्याच्या पलीकडे गेल्यावर ती थांबली. मीही थांबले. मागे कुणी हसत नव्हतं, चार-पाच माना आमच्या कागदावर वाकल्या होत्या.

"म्हणजे ते मागे जाऊच शकत नाही, बाई," ती म्हणाली. "त्याला पुढेच जावं लागतं."

आणि मला कळलं, खरंच कळलं, की ते असं का असतं. नियम तर मी बारा वर्षांची असल्यापासून मला पाठ आहे. पण का, ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, सातवीच्या तिसऱ्या बाकावर बसून कळलं. तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही उठलो नव्हतो.

ताई